‘३२० अँपिअर’चा कंट्रोलर आणि जलपर्णीत अडकलेला पंखा

इंदूरच्याच एका तरुण मॉडेलकाराचा प्रश्न आहे. त्याने नौदलाच्या आयएनएस दिल्ली या युद्धनौकेची १:१०० प्रमाणातली, रेडिओने चालणारी प्रतिकृती बांधली. दोन शाफ्ट, ५४० मापाच्या दोन मोटरी, ३ सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), आणि दोन्ही मोटरी एकाच स्वस्त स्पीड कंट्रोलरवर, म्हणजे मोटरचा वेग आणि दिशा ठरवणाऱ्या डबीवर, ज्याच्या पेटीवर ‘३२० अँपिअर’ असे छापलेले. पिपल्यापाल्याच्या तलावात जहाज छान चालले, मग काठाजवळच्या वेलीत पंखे अडकले आणि डेकखालून धूर आला. आता ५०० अँपिअरचा घ्यावा का, पाण्याने थंड होणारा घ्यावा का, की सरळ ब्रशलेस मोटरींकडे वळावे? आणि नवा घेतला तर पाण्यात सोडण्याआधी तो तपासायचा कसा?

५०० चा अजिबात घेऊ नका. तुमचा कंट्रोलर लहान पडला म्हणून जळला असे नाही, तुमच्या मोटरी त्या जहाजाला फार मोठ्या आहेत. कंट्रोलर निवडताना पेटीवरचा आकडा सर्वांत शेवटी बघायचा. आधी तीन आकडे स्वतः मोजायचे: जहाजाला खरोखर किती शक्ती लागते, शाफ्ट अडकला तर मोटर किती प्रवाह खेचते, आणि बंद डेकखाली कंट्रोलर किती तापतो.

पहिला आकडा कागदावरच निघतो. खरी दिल्ली १९९७ मध्ये नौदलात आली, माझगाव डॉकची बांधणी, लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ६,२०० टन, वेग २८ नॉट. १:१०० ला लांबी १.६३ मीटर होते. वजन मात्र शंभराच्या घनाने, म्हणजे दहा लाखांनी भागायचे, म्हणून ६.२ किलो. वेगाचा हिशेब विल्यम फ्राउडने एकोणिसाव्या शतकात घालून दिला: प्रमाणाच्या वर्गमुळाने भागा. २८ भागिले १० म्हणजे २.८ नॉट, सेकंदाला साधारण १.४४ मीटर. काठाने भरभर चालणारा माणूस या वेगाने जातो. या वेगाला लाटाही खऱ्या जहाजासारख्या उठतात. त्यापेक्षा पळवले की युद्धनौका खेळण्यातल्या स्पीडबोटीसारखी दिसू लागते, आणि मग बारीक रेलिंगवर घालवलेल्या रात्री वाया.

या हलला, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याला, सेकंदाला १.४४ मीटरने ढकलायला ढोबळमानाने दीड-दोन न्यूटन जोर लागतो, म्हणजे पाण्यात दोन-तीन वॉट. पंखा, शाफ्टचे घर्षण आणि मोटर यांची गळती धरली तरी बॅटरीतून दहा-पंधरा वॉट पुष्कळ झाले. ७.४ व्होल्टवर, म्हणजे दोन सेलच्या लायपोवर, हे दोन्ही मोटरींचे मिळून दोन अँपिअर. दोन अँपिअरच्या कामाला ३२० अँपिअरचा कंट्रोलर लावला आणि तोही जळला, म्हणजे दुखणे वेगळ्याच जागी आहे.

ते दुखणे स्टॉल करंटचे, म्हणजे अडकलेली मोटर खेचते त्या प्रवाहाचे. डीसी मोटर फिरत असते तेव्हा तिच्यात विजेचा उलटा दाब तयार होतो आणि तो प्रवाह आवरून धरतो. शाफ्ट थांबला की तो दाब शून्य. मग प्रवाहाला अडवायला उरतो फक्त वेढ्यांचा रोध. कार मॉडेलमध्ये मिळणाऱ्या साध्या ५४० मोटरचा रोध ०.१ ते ०.१५ ओहमच्या आसपास असतो. तुमच्या तीन सेलच्या ११.१ व्होल्टला, बॅटरीचा आणि तारांचा रोध धरूनही, एक अडकलेली मोटर साठ अँपिअरच्या पुढे जाते. तुमच्या दोन मोटरी एकाच कंट्रोलरवर समांतर, दोन्ही पंखे एकाच वेलीत, आणि तुम्ही जहाज सुटावे म्हणून स्टिक पुढे-मागे ढकलत होतात. कुणीही तेच करतो.

पुढे-मागे करणे तर त्याहून वाईट. मोटर पूर्ण वेगात असताना एकदम उलटी दिली की आधीचा उलटा दाब बॅटरीच्या दाबात मिळवला जातो. क्षणभर प्रवाह स्टॉल करंटच्या दुपटीजवळ पोचतो. जहाजाला ब्रेक नसतो, थांबायचे म्हणजे रिव्हर्सच द्यायचा, म्हणून हा क्षण प्रत्येक फेरीत येतो.

आता ३२० हा आकडा येतो कुठून? आतल्या मॉसफेटच्या, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, डेटाशीटमधून. प्रत्येक मॉसफेटचा कमाल प्रवाह, तोही धातूची पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तरचा, असे जितके मॉसफेट तितक्यांची बेरीज. पाठ २५ अंशांवर राहील अशी सोय इंदुरात मे महिन्यात फक्त फ्रीजमध्ये होते. लेबल तपासायला यंत्र लागत नाही, त्याच्या तारा बघा. बॅटरीकडची तार जर स्कूटरच्या हेडलाइटला असते तेवढीच असेल, तर ती तीस-चाळीस अँपिअरही फार वेळ सोसणार नाही. मग माहितीपत्रक उघडा. ‘अमुक टर्नपेक्षा कमी वेढ्यांची मोटर लावू नये’ अशी ओळ बारीक अक्षरात बहुधा असते, आणि रिव्हर्सचा आकडा पुढच्या निम्मा असतो. खरी माहिती त्या दोन ओळींत आहे.

म्हणून आधी मोटर बदला. १२ व्होल्टची, जास्त वेढ्यांची मोटर घ्या, ३८५ च्या मापाची किंवा हळू फिरणारी ५४०, आणि ती ७.४ व्होल्टवर चालवा. घेताना रोध मोजून घ्या. साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर हा रोध नीट येत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. प्रवाह मर्यादित ठेवणारा पॉवर सप्लाय १ अँपिअरवर लावा, शाफ्ट बोटांनी धरून ठेवा, आणि व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवरच मोजा, सप्लायच्या टोकांवर नाही. १.२ व्होल्ट आले तर रोध १.२ ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. ७.४ भागिले १.२ म्हणजे स्टॉल करंट सुमारे ६ अँपिअर. आता प्रत्येक शाफ्टला सतत १५-२० अँपिअर झेपणारा छोटा कंट्रोलर लावला तर पंखा दिवसभर अडकून राहिला तरी कंट्रोलर मरत नाही. कंट्रोलरची सततची क्षमता मोटरच्या स्टॉल करंटच्या वर असावी, हा माझा एकच नियम. पीथमपूरला कारखान्यात डीसी ड्राइव्ह सांभाळताना हाच लावत असे, तिथे फक्त आकड्यांना दोन शून्ये जास्त होती.

मोटर मात्र मरू शकते, म्हणून प्रत्येक शाफ्टच्या वाटेत फ्यूज हवा. गाडीत असतो तसला पात्याचा फ्यूज चालेल, पण त्याचा स्वभाव ओळखा. त्याच्या आकड्यापेक्षा पस्तीस टक्के जास्त प्रवाह गेला तरी तो कित्येक मिनिटे तग धरू शकतो, दुप्पट प्रवाहालाही काही सेकंद घेऊ शकतो. म्हणून ६ अँपिअर स्टॉलच्या मोटरला ५ चा फ्यूज शोभेचा ठरतो, ३ चा कामाचा. रिव्हर्स देताना उगाच उडत असेल तर एक पायरी वर जा. आणि फ्यूज मॉसफेटला वाचवेल या भ्रमात राहू नका. मॉसफेट त्याच्या कितीतरी आधी जातो.

पंखाही याच हिशेबात बसतो. फिरण्याचा वेग तोच ठेवून व्यास ३० वरून ३५ मिलिमीटर केला तर शक्ती दुपटीहून जास्त लागते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ‘जरासा मोठा पंखा’ असे काही नसते.

एक कंट्रोलर की दोन? दोन. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. दोन असले की एक शाफ्ट अडकला तरी दुसऱ्यावर जहाज काठाला येते, आणि ट्रान्समीटरच्या मिक्सिंगने एक पंखा पुढे, एक मागे असे फिरवून जागच्या जागी वळता येते. लांबट युद्धनौकेचे सुकाणू कमी वेगाला आळशीच असते. बीईसी म्हणजे कंट्रोलरमधून रिसीव्हरला जाणारा पाच-सहा व्होल्टचा पुरवठा. तो दोन्हीकडून येऊ देऊ नका. एकाची लाल तार प्लगमधून काढून टेपने बंद करा. साधा लिनिअर बीईसी असेल तर उरलेले सगळे व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो: ११.१ व्होल्टच्या बॅटरीतून ५ व्होल्टला १ अँपिअर घेतला तर ६ वॉट नुसती भट्टी. तोफा फिरवणारे चार सर्वो असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी घ्या आणि दोन्ही लाल तारा काढा.

कारसाठी बनवलेले कंट्रोलर स्वस्त आणि सहज मिळतात, पण त्यांचा डोक्यातला क्रम पुढे, ब्रेक, मग मागे असा असतो. स्टिक एकदा मागे ओढली की ब्रेक, सोडून पुन्हा ओढली की रिव्हर्स. धक्क्याला जहाज लावताना ही दुसरी ओढ सुचेपर्यंत नाक दगडावर आपटलेले असते. ज्यात जंपरने किंवा प्रोग्रॅम कार्डने थेट पुढे-मागे करता येते तेच घ्या. एमट्रॉनिक्सच्या व्हायपर मरीनसारखे खास बोटींचे कंट्रोलर या बाबतीत सरळ आहेत, फक्त ते बाहेरून मागवावे लागतात. विमानाचा कंट्रोलर नको, त्यात बहुधा रिव्हर्सच नसतो.

पाण्याने थंड होणारा कंट्रोलर तुमच्या जहाजाला कुचकामी आहे, आणि हे आकड्यात बघण्यासारखे आहे. वेगामुळे पाणी नळीत जितके चढते ते वेगाच्या वर्गावर ठरते. सेकंदाला १.४४ मीटर वेगाला हा दाब जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. बारीक नळीतून, वळणांमधून तो दाब संपून जातो. सेकंदाला १० मीटर पळणाऱ्या रेसिंग बोटीत तोच दाब पाच मीटर उंचीचा होतो. त्यांचे सामान त्यांच्यासाठी. तुम्ही कंट्रोलरच्या हीटसिंकला दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी थर्मल पेस्टने जोडा, मध्ये वीज वाहणारा भाग येत नाही ना ते बघून, आणि कंट्रोलर डेकच्या छताखाली न ठेवता मोकळ्या जागी बसवा.

बॅटरीबद्दल एक सापळा सांगतो, कारण युद्धनौकांत वजनाची गरज असल्याने पुष्कळ जण ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी तळात ठेवतात, आणि ते चांगलेच आहे. लायपोसाठी सेल स्वतः मोजणारा कंट्रोलर तिला दोन सेलची लायपो समजतो. भरलेली असताना ती ६.४ व्होल्ट देते, म्हणजे त्याच्या हिशेबात सेलमागे ३.२, जवळजवळ रिकामी. थोडा भार आला की तो मोटर तोडतो, आणि तुम्ही मोटर, शाफ्ट, रिसीव्हर सगळे उघडून बसता. कट-ऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर तोडण्याची सोय, एनआयएमएचवर (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या सेटिंगवर) ठेवता येत असेल तर ठेवा, आणि बॅटरीवर स्वतः लक्ष ठेवा. उलट लायपो वापरणार असाल तर कट-ऑफ चालू आहे याची खात्री करा.

वायरिंगची एकच गोष्ट. १.६ मीटरच्या हलमध्ये बॅटरी मध्यावर आणि मोटरी मागे असतात. तेव्हा मोटरकडच्या तारा लांबवा, बॅटरीकडच्या नाही. बॅटरीच्या लांब तारेत प्रत्येक स्विचिंगला व्होल्टेजचे टोक उठते आणि कंट्रोलरचा कपॅसिटर त्यात फुगतो. लांबवणे टळत नसेल तर कंट्रोलरजवळ कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) चांगला कपॅसिटर वाढवा. मोटरच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावा, एक दोन्ही टर्मिनलमध्ये आणि दोन मोटरच्या डब्याला. मात्र कार मॉडेलच्या जुन्या मोटरवर आधीच शॉट्की डायोड बसवलेला असेल तर तो कापून टाका. रिव्हर्स देताच तो सरळ शॉर्ट होतो आणि नवा कोरा कंट्रोलर पहिल्याच मिनिटात जातो.

आता तपासणी. सामान थोडेच लागते: सर्वो टेस्टर (ट्रान्समीटरऐवजी कंट्रोलरला आज्ञा देणारी छोटी डबी), डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, गाडीचे दोन हेडलाइट बल्ब आणि एक इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. इलेक्ट्रॉनिक सामान महाराणी रोडला बघा, बल्ब कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात. क्लॅम्प मीटर घेताना दुकानदाराला डीसी अँपिअर दाखवायला सांगा. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात, आणि ते घरी आल्यावर कळते.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये २१ वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब लखलखेल, पण जळणार काही नाही. न्यूट्रलला बल्ब विझलेला राहिला तर तो काढून पुढे चला. मोटरच्या जागी ६०/५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावा आणि टेस्टर हळूहळू फिरवा. उजेड एकसारखा वाढला पाहिजे, मध्येच उडी नको. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण दशांश असतो, त्यामुळे बल्ब एकदम लावणे म्हणजे कंट्रोलरला स्टॉलची छोटी चव देणे. दोन्ही दिशा बघा. रिव्हर्सला उजेड कमी पडत असेल तर तोही निकाल आहे.

दोन कंट्रोलर एकत्र वापरायचे असतील तर दोन्ही एकाच टेस्टरवर जोडून बघा. न्यूट्रलला पल्स दीड मिलिसेकंदाची असते, पण मोटर नेमकी कुठे सुरू होते हे प्रत्येकाचे वेगळे. एक आधी सुटला तर जहाज कायम एका बाजूला ओढत राहील आणि तुम्ही सुकाणूला दोष देत बसाल. फरक ट्रिमने किंवा प्रोग्रॅमिंगने मिळवा. पुष्कळ कंट्रोलर सुरू होतानाची पल्स न्यूट्रल धरतात, तेव्हा आधी ट्रान्समीटर, स्टिक मध्यावर, मग जहाजाचा स्विच.

त्यानंतर खरी मोटर, खरा शाफ्ट, खरा पंखा, आणि पाणी. आपल्याकडे कुणाच्या बाथरूममध्ये पावणेदोन मीटरचा टब नसतो. गच्चीवर विटांची चौकट मांडून त्यात ताडपत्री घाला, वीतभर पाणी पुरते. जहाज दोरीने बांधा आणि पूर्ण वेग द्या. बांधलेल्या जहाजात प्रवाह मोकळ्यापेक्षा जास्त असतो, आणि तेच हवे आहे. क्लॅम्प मीटर प्रत्येक मोटरच्या एका तारेवर लावून दोन्हींचा आकडा लिहून ठेवा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर कंट्रोलरकडे बोट दाखवण्याआधी शाफ्टची सरळ रेघ आणि कपलिंग तपासा.

उष्णतेची चाचणी डेक बंद करून, अर्धा तास, दुपारी. कंट्रोलर कार मॉडेलमध्ये हवेत पळतो आणि त्याचा आकडा तसाच धरलेला असतो. जहाजात त्याला हवा नाही आणि पंख्याचा भार एक क्षणही सुटत नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर भट्टी चौपट. त्यात मॉसफेट तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून अजून तापतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटे कमी आकडे दाखवतो. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. बाहेर किती अंश आहेत तेही लिहा आणि वाढ काढा. जानेवारीत २० अंशांत कंट्रोलर ५५ ला स्थिरावला तर वाढ ३५. मे महिन्यात ४२ अंशांत तोच ७७ ला जाणार, वर काळ्या-करड्या डेकवरचे ऊन वेगळे. मी हीटसिंकवर ७० च्या वर जाऊ देत नाही. पाच-दहा मिनिटांत तपासणी संपवू नका, आकडा चढायचा थांबेपर्यंत बसा.

मग ट्रान्समीटर बंद करा. मोटरी थांबल्या पाहिजेत. काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून ठेवतात आणि जहाज तसेच निघून जाते. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर देतो ती आज्ञा, न्यूट्रलला बांधा आणि पुन्हा बंद करून बघा. मॉसफेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे मोटर पूर्ण वेगाने चालूच राहते, आणि तेव्हा फेलसेफचाही उपयोग नसतो. म्हणून मुख्य स्विच डेकवर हाताला लागेल असा ठेवा, हेलिपॅडच्या झाकणाखाली सुरेख लपतो.

शेवटी जाणूनबुजून पंखा अडवा. फिरता पंखा हाताने धरू नका. मोटर बंद असताना दोन पात्यांत लाकडाची पट्टी अडकवा, मग अर्धी स्टिक, दोन सेकंद. फ्यूज गेला आणि कंट्रोलर थंड राहिला, तर जहाज तलावासाठी तयार. जळलेल्या जुन्या जोडणीवर ही चाचणी करून बघायच्या फंदात पडू नका.

वॉटरप्रूफ लिहिलेले असले तरी प्लग आणि स्विच त्यात येत नाहीत. सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारे घेऊ नका, ते तांबे खाते.

ब्रशलेसचा प्रश्न राहिला. वेगवान टॉर्पेडो बोटीला छान. तुमच्या वेगाला सेन्सर नसलेली मोटर हळू सुरू होताना अडखळते, आणि युद्धनौका अडखळत निघालेली बघवत नाही.

तलावाबद्दल: पिपल्यापाल्याला जाताना परवानगी विचारून जा, आणि वेलींचा काठ सोडून उघडे पाणी निवडा. सिरपूर तलावाला नको. २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथे पक्ष्यांचा हक्क पहिला. यशवंतसागरचेही तेच. नव्या मोटरींचा रोध मोजला की आकडा कळवा, फ्यूजचा हिशेब आपण एकत्र करू.